उलटा हत्ती

आमची धाकटी बहीण वाळूजला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. एका रविवारी ती घरी आली आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच म्हणाली, ‘‘दादा, पोरगी स्पर्धेला नाव द्या म्हणते. बुद्धिबळाच्या. पाचशे रुपये फी आहे. वरून माझा एक खाडा. द्यायची का नाही, तूच सांग. तूच लावलंय तिला हे खूळ.’’

आरोप खरा होता. भाचीला पट आम्हीच शिकवला. ती आता सातवीत आहे. शाळा सुटली की आमच्याकडे येते, भाकरीचा तुकडा हातात धरून मोहरे मांडते आणि ‘मामा, बसा’ म्हणून हुकूम सोडते. गेल्या वर्षीपर्यंत आम्ही तिच्याशी हरल्याचे नाटक करीत होतो. हल्ली नाटक करावे लागत नाही.

स्पर्धा औरंगपुऱ्यात होती. (शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तरी औरंगपुरा औरंगपुराच राहिला. बसवाला आजही तेच ओरडतो.) जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुतळ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका शाळेचे सभागृह. आम्ही बहिणीला म्हणालो, नाव दे. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. शाळेचे तोंड त्यांनी दोन वर्षेच पाहिले, पण बुद्धिबळ उत्तम खेळत. पट म्हणजे फरशीवर खडूने आखलेली चौसष्ट घरे, आणि मोहरे म्हणजे सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचे. आतल्या बाजूला राजा, वजीर अशी अक्षरे लिहिलेली. ते खेळत ते देशी नियमांनी. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचे. कॅसलिंग नव्हते, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, पण तोवर शह बसलेला नसला तर. आणि प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते ज्या मोहऱ्याच्या ओळीत पोचले तोच मोहरा व्हायचे, तोही पूर्वी मेलेला असला तरच. घोड्याच्या ओळीत पोचलेला गडी वजीर होत नसे. हे नियम गावोगाव थोडे बदलत, पण आपल्या देशात शेकडो लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच खेळत आले.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या एका खेड्यातील मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढले. सर उमर हयात खान यांच्या पदरी असताना १९२९ साली ते त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. विलायती नियम त्यांनी उशिरा शिकले, तरी त्याच वर्षी ते ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळे झाले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्यांनी एका डावात हरवले. त्याच उमर हयात खानांच्या घरातील फातिमा नावाची बाई १९३३ साली इंग्लंडच्या स्त्रियांची विजेती झाली. नंतर सुलतान खान मायदेशी परतले आणि गावी शेतीवाडी पाहत १९६६ साली वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली. त्यांना जाऊन तोवर जवळजवळ ५८ वर्षे झाली होती.

आमचे म्हणाल तर आम्ही वडिलांकडून शिकलो आणि चिकलठाण्याच्या कंपनीत लागल्यावर कॅन्टीनमध्ये खेळू लागलो. जेवणाच्या अर्ध्या तासात डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि वीस मिनिटे पट. १९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले तेव्हा पेपरात फोटो आला, आणि कॅन्टीनमध्ये एकाएकी बारा-पंधरा खेळाडू तयार झाले. त्या सगळ्यांना आम्ही हरवीत असू. फोरमनसाहेबांना हरवले तेव्हा तर दोन दिवस आम्हाला जड काम मिळाले. एवढ्यावर आम्ही स्वतःला मोठे खेळाडू समजू लागलो, आणि पुढच्याच वर्षी एका खुल्या स्पर्धेत नाव दिले.

पहिल्या फेरीत समोर कॉलेजचा एक मुलगा. त्याने हात मिळवला, कागदावर आपले नाव लिहिले आणि घड्याळाची कळ दाबली. बुद्धिबळाचे घड्याळ आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. एका पेटीत दोन घड्याळे. आपली चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे आपले थांबते आणि समोरच्याचे चालू होते. वेळ संपत आली की काटा एक लहानशी लाल पट्टी उचलतो, आणि ती पडली की डाव गेला. आम्ही चाल करायचो आणि हात मांडीवर ठेवून विचार करीत बसायचो. आमचे घड्याळ चालूच. पाव तास झाल्यावर त्या मुलालाच दया आली असावी. त्याने बोटाने कळ दाखवली.

पुढे कॅसलिंग करायचे होते. कॅन्टीनमध्ये आम्ही आधी हत्ती सरकवायचो, मग राजा त्याच्यावरून उडवायचो. इथेही हत्तीला हात घातला. मुलाने पंचाला बोलावले. पंच शांतपणे म्हणाले, ‘‘काका, कॅसलिंगमध्ये आधी राजा हलवायचा, तोही एकाच हाताने. तुम्ही हत्तीला हात लावला, आता हत्तीच चाला.’’ आम्ही म्हणालो, ‘‘पण आमच्या मनात कॅसलिंग होतं.’’ ते म्हणाले, ‘‘मनातलं आम्हाला कसं दिसणार?’’

आजूबाजूच्या दोन-तीन पटांवरची माणसे हसली. फार नाही, जराशी. तो डाव आम्ही हरलो आणि पुढचे तीनही. चाली लिहिण्याचा कागद कोराच राहिला, कारण त्यावर काय लिहायचे असते तेच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये विचारले तेव्हा आम्ही ताप आल्याचे सांगितले.

त्या दिवसाचा राग आम्हाला हरण्याचा नव्हता. चार डावांतले दोन तरी आमचे खेळणे बरे होते. राग याचा होता की, जी गोष्ट समोरच्याला दहाव्या वर्षी कोणीतरी घरी बसून सांगितली होती, ती आम्हाला पस्तिसाव्या वर्षी भर सभागृहात, चारजणांसमोर कळली. हात लावला की तोच मोहरा चालायचा. मोहरा नुसता नीट ठेवायचा असेल तर आधी तोंडाने ‘नीट करतो’ असे म्हणायचे. बरोबरी मागायची तर आपली चाल करून, घड्याळ दाबण्याआधी मागायची. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल आधी कागदावर लिहून पंचाला सांगायचे. यात बुद्धीचा काही भाग नाही. कुणी सांगितले तर पाच मिनिटांचे काम आहे.

पुढे आम्ही खेळत राहिलो. वर्षाला एखादी स्पर्धा. कधी जालना, कधी परभणी, सुटी मिळाली तर पुणे. अनुभव बरेच गाठीला आहेत. एकदा समोर आठ वर्षांचे पोर आले. खुर्चीवर बसले की त्याची नुसती हनुवटी टेबलाच्या वर येत होती, म्हणून ते गुडघे टेकून बसले. आम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बाविसाव्या चालीला त्याने आम्हाला मात दिली आणि ‘आई, झालं’ म्हणत पळत गेले. एकदा चांगल्या स्थितीत असताना आमच्या खिशातला मोबाईल वाजला. घरून फोन होता, गॅस संपल्याचा. नियमाप्रमाणे डाव तिथेच गेला. (आता नियम आणखी कडक आहे. खेळताना अंगावर नुसता मोबाईल सापडला तरी डाव जातो. तो घरच्यांकडे ठेवावा हे बरे.) आणि एकदा एका कॉलेजचे प्राध्यापक आमच्याशी हरता हरता वाचले. डाव संपल्यावर त्यांनी आम्हाला बाहेर टपरीवर नेले, चहा सांगितला आणि पिशवीतून लहान पट काढून म्हणाले, ‘‘इथं घोडा मारला असता तर मी संपलो होतो. का नाही मारला?’’ आम्ही सांगितले, ‘‘सर, भीती वाटली.’’ ते म्हणाले, ‘‘मलाही तीच वाटत होती!’’ एक तास आम्ही तो डाव उलगडत बसलो. कुठे काम करता, कुठले, हे त्यांनी विचारले ते उठताना. बुद्धिबळात हरलेला आणि जिंकलेला असे एकत्र बसून डाव पुन्हा मांडतात, ही रीत आम्हाला स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा जास्त आवडते. बक्षीस आम्हाला मिळालेले नाही, हेही खरे.

रेटिंग म्हणून एक आकडा असतो, त्याबद्दल पुष्कळजण विचारतात. जागतिक संघटना खेळाडूच्या जोराचा हा आकडा ठेवते. तो मिळायला, आधीच रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात; ते वेगवेगळ्या स्पर्धांतले असले तरी चालतात. २०२४ च्या मार्चपासून सर्वांत खालचा आकडा १४०० झाला आहे, त्याच्याखाली रेटिंग दिले जात नाही. मोठ्या वेळेच्या डावांच्या रेटिंग स्पर्धा तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही चालतात. फी सोडा; तेवढे दिवस खाडे, परगाव असेल तर राहणे, दोन माणसांचे जेवण. पट आणि मोहरे दीड-दोनशे रुपयांत येतात, म्हणून बुद्धिबळ गरिबाचा खेळ असे म्हणतात. पट गरिबाला परवडतो. पुढच्या पायऱ्या मोजून चढाव्या लागतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमीला स्त्रियांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा आमच्या भाचीने पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला. आम्हालाही आनंद झाला. पण ती डॉक्टर आईबापांची लेक आहे, तिच्यामागे वर्षानुवर्षांची शिकवणी आहे, हे बहिणीला आम्ही सांगून ठेवले. पोरीच्या एका स्पर्धेवरून मोठा हिशेब मांडू नये म्हणून.

आणि पैसा नसलेल्या गावातही काही करता येते, याचा दाखला आपल्याकडे आहेच. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासूनचे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तिथे आयुष्य घातले आणि उन्हाळ्याच्या सुटीत वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या. मोठमोठ्या शहरांतले खेळाडू सांगलीला येत आणि गावातली पोरे त्यांच्याशी खेळत. पोराला परगावी पाठवण्याऐवजी चांगला खेळाडूच गावात आला, की निम्मा खर्च वाचतो. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी चार पट मांडायला आम्ही सुरुवात केली आहे ती हेच पाहून. सांगलीची सर येणार नाही, पण घड्याळ कसे दाबायचे एवढे तरी पोरांना कळेल. आता तर मोबाईलवरच फुकट घड्याळ मिळते.

तर औरंगपुरा. सकाळी साडेआठला आम्ही तिघे बसमधून उतरलो. बहिणीने डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. सात फेऱ्या, पंधरा-पंधरा मिनिटांचा डाव, एका दिवसात संपणारी स्पर्धा. मुलेमुली एकत्रच. ‘मुलांशी खेळावं लागणार का?’ असे बहिणीने हळूच विचारले. आम्ही म्हणालो, लागणारच, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईच्या तीन खाडिलकर बहिणी वासंती, जयश्री आणि रोहिणी एकेकाळी स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर राज्य करीत होत्या. १९७४ ची पहिली स्पर्धा वासंतीने जिंकली. धाकटी रोहिणी १९७६ साली तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गहजब झाला! शेवटी जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की, स्त्रियांना अशी मनाई करता येणार नाही. पाच रुपयांचा चहा घेत आम्ही हे सगळे बहिणीला सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली, ‘‘ते ठीक. तिला तहान लागली तर पाणी आत नेता येतं का?’’

नेता येत होते. आईबापांना मात्र आत जाता येत नव्हते. दाराला काच होती. काचेवर पन्नास आईबाप नाक लावून उभे. बहुतेकांच्या लेकरांना शिकवणारे सर होते. आमच्या भाचीला मामा होता.

पहिला डाव ती जिंकली. बाहेर आली तेव्हा चेहरा असा, की जणू दहावी पास झाली. दुसऱ्या डावाला समोर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, चांगला तयारीचा मुलगा. आम्ही काचेतून पाहत होतो. वजिराला वजीर गेला, मग हत्तीला हत्ती, आणि हळूहळू तिचे एक प्यादे पुढे सरकू लागले. आम्हाला घाम फुटला. सातव्या ओळीत आले. आठव्या ओळीत पोचले. आता त्याचा वजीर होणार आणि डाव आपला!

पण तिने वजीर ठेवला नाही. त्या मुलाच्या बाजूला पडलेला आपला मेलेला हत्ती तिने उचलला, उलटा केला, त्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबले.

घरी आम्ही तसेच खेळतो, वाचकहो. आपल्या सगळ्यांच्याच घरी तसे खेळतात. वजीर सापडला नाही की हत्ती उलटा ठेवायचा आणि त्याला वजीर म्हणायचे. आम्ही तिला घड्याळ सांगितले, हात लावण्याचा नियम सांगितला, आधी राजा मग हत्ती हे दहा वेळा बजावले. हे सांगायचे राहून गेले. आमच्या डोक्यातच आले नाही. पंचांच्या लेखी हत्ती उलटा असो की सुलटा, तो हत्तीच.

मुलगा काही बोलला नाही. त्याने आपली चाल केली. मग भाचीने तो उलटा हत्ती तिरका नेला, शह देत. त्याबरोबर मुलाने हात वर केला. पंच आले. आम्हाला ऐकू येत नव्हते, पण सगळे दिसत होते. पंच वाकून काहीतरी समजावीत होते आणि आमची भाची मान हलवीत होती. हत्ती तिरका चालत नाही, म्हणजे चाल बेकायदा. त्या मुलाला दोन मिनिटे वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा अशी चूक झाली असती तर डाव तिथेच गेला असता. आणि हात हत्तीला लावलेला, म्हणून हत्तीच चालायचा. तो जिथे जिथे जाऊ शकत होता तिथे त्या मुलाचा उंट नाहीतर घोडा टपून बसलेला. हत्ती गेला. दहा चालींत डावही गेला.

ती बाहेर आली आणि सरळ नळावर जाऊन तोंड धुऊ लागली. बरेच वेळ धूत होती. बहिणीने आम्हाला विचारले, ‘‘काय झालं?’’ आम्ही सांगितले. ती भडकली. ‘‘मग भांडायचं ना! सगळ्यांना माहीत आहे उलटा हत्ती म्हणजे वजीर!’’ आम्ही म्हणालो, ‘‘पंच बरोबर आहेत.’’ ते बरोबर होतेच. मुलगाही नियमाप्रमाणेच वागला.

मग आम्ही भाचीला विचारले, ‘‘अगं, पण तुझा वजीर कुठे होता?’’

‘‘त्याच्या मुठीत,’’ ती म्हणाली. ‘‘तो खेळवत बसला होता मुठीत धरून.’’

‘‘मग मागायचा.’’

ती गप्प. मग म्हणाली, ‘‘कसं मागू मामा? तो त्याच्या सरांसोबत इंग्लिशमधी बोलत होता.’’

आम्हाला यावर एकदम उत्तर सुचले नाही. बहिणीने डबा उघडला आणि तिच्या हातात पोळीभाजीची गुंडाळी दिली. आम्ही समोर बसलो आणि तिला नियम सांगितला. मोहरा हवा आहे आणि तो हाताशी नाही, तर घड्याळ थांबवायचे. मधली कळ असते, ती दाबली की दोघांचेही थांबते. मग हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत बसून राहायचे. इंग्रजी लागत नाही. ‘वजीर पाहिजे’ एवढे मराठीत म्हटले तरी त्यांना तो आणून द्यावा लागतो. त्यांचे ते कामच आहे. ‘‘रागावत नाहीत?’’ तिने विचारले. ‘‘नाहीत,’’ आम्ही म्हणालो. मनात म्हणालो, रागावले तर आम्ही आहोत.

तिसरा आणि चौथा डाव ती हरली, धडधडीत हरली. पाचवा जिंकली, पण समोरचे पोर इतके लहान होते की जिंकल्यावर तिलाच वाईट वाटले. संध्याकाळचे साडेपाच झाले. काचेपुढची गर्दी कमी झाली होती. ज्यांची मुले पुढे होती तेवढेच आईबाप उरले होते, आणि आम्ही. सहाव्या डावात पटावरचे मोहरे भराभर मरत गेले. आम्हाला दारातून दिसत होते ते एवढेच, की भाची पांढऱ्या मोहऱ्यांची आहे आणि तिचे एकुलते एक प्यादे पुढे चालले आहे. समोरच्या मुलीपाशी नुसता राजा उरला होता.

प्यादे शेवटच्या घरात पोचले. भाचीने इकडेतिकडे पाहिले. मग तिने घड्याळाची मधली कळ दाबली आणि हात वर केला.

पंच दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी वाद मिटवीत होते. त्यांना दिसले नाही. ती हात वर करून बसून राहिली. आमच्या बहिणीने आमचा दंड धरला. अर्धा मिनिट गेला असेल, आम्हाला अर्धा तास वाटला. तिने हात खाली घेतला नाही. थकल्यावर दुसऱ्या हाताचा आधार दिला. शेवटी पंच आले, वाकले, तिचे ऐकले, शेजारच्या रिकाम्या पटावरून पांढरा वजीर उचलला आणि तिच्या हातात दिला. रागावले नाहीत.

तिने वजीर त्या घरात ठेवला, घड्याळ दाबले, आणि समोरची मुलगी हसायला लागली.

आपल्या घरी पट असेल तर मांडून पाहा. उभ्या ओळींना डावीकडून ए, बी, सी अशी एचपर्यंत नावे द्या आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून एक ते आठ आकडे. पांढरा राजा एफ-६ वर, पांढरे प्यादे एफ-७ वर, काळा राजा एच-७ वर. पटावर बाकी काही नाही. पांढऱ्याची चाल. प्यादे एफ-८ वर नेऊन वजीर केला, की काळ्या राजाला शह बसत नाही, पण हलायला एकही घर उरत नाही. डाव बरोबरीत. तेच प्यादे हत्ती केले, तर काळ्या राजाला एच-६ वर जावेच लागते, आणि हत्ती एच-८ वर आला की मात.

म्हणजे सकाळी वजीर हवा होता तेव्हा तिने हत्ती ठेवला, आणि संध्याकाळी हत्ती हवा होता तेव्हा हात दुखेपर्यंत वर धरून वजीर मागून घेतला!

सातवा डाव ती हरली. एकूण अडीच गुण. प्रमाणपत्र सगळ्यांनाच होते, ते तिने घडी न घालता डब्याच्या पिशवीत उभे ठेवले. औरंगपुऱ्याच्या थांब्यावर बसला गर्दी होती. बहिणीला बसायला जागा मिळाली, आम्ही दोघे उभे. पोरगी सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. आम्हाला वाटले, रडते की काय. मुकुंदवाडी आल्यावर म्हणाली, ‘‘मामा, पुढची स्पर्धा कधी आहे?’’ आम्ही बहिणीकडे पाहिले. बहीण म्हणाली, ‘‘माझ्या पगाराच्या आधी नको, एवढं बघ.’’

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सहज त्यांच्या घरी डोकावलो. पट जमिनीवर मांडलेला. त्यावर तीनच मोहरे. भाचीने प्यादे उचलले, त्या जागी हत्ती ठेवला, सुलटा, आणि भांडी घासून हात पुसत आलेल्या आईला म्हणाली, ‘‘आई, बस. तू काळा राजा. आता पळ बरं कुठं पळतेस ते.’’